बिल निघण्याआधी

२०२३ च्या सप्टेंबरात मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि आमच्या अंबड तालुक्यात जो तो कागद शोधायला लागला. निमित्त अंतरवाली सराटीचं. २९ ऑगस्टला तिथं मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि वडीगोद्रीजवळचं हे गाव सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालं. पुढचे कित्येक महिने लोकांनी खासरा पत्रकं, कोतवाल बुकं, शाळेची प्रवेश-निर्गम रजिस्टरं धुंडाळली. मोडी वाचणाऱ्याला आणि उर्दू जाणणाऱ्याला कधी नव्हे तो भाव आला. पणज्याच्या नावापुढं कुणी काय लिहून ठेवलंय, ते पाहायला माणसं कामधंदा सोडून तहसिलात बसली.

आरक्षणाबद्दल कुणाचं मत काय, हा इथला विषय नाही. त्यातलं मला एवढंच घ्यायचंय की सरकारी दप्तरातल्या एका ओळीला किती वजन असतं, हे या पट्ट्यातल्या शेंबड्या पोरालाही आता कळतं. पण शंभर वर्षांपूर्वीची नोंद हुडकून काढणाऱ्या त्याच माणसाला विचारा, यंदा आपल्या ग्रामपंचायतीत वित्त आयोगाचे किती पैसे आले आणि कशावर गेले? तो म्हणतो, "ते सरपंचाला इचारा."

आमच्या गावात आम्ही विचारलं. गावाचं नाव घेत नाही. तालुका हाच, आणि जे झालं ते थोड्याफार फरकानं कुठंही होतं.

सुरुवात पोरांनी केली. ई-ग्रामस्वराज नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल आहे, २४ एप्रिल २०२० ला, पंचायतराज दिनी सुरू झालेलं. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावाचा आराखडा, मंजूर कामं, झालेला खर्च दिसतो. लॉगिन लागत नाही. पोरांना त्यात एका वस्तीवरचं गटार सापडलं. त्यांनी त्या रकमेचा स्क्रीनशॉट काढला, शेजारी फुटक्या गटाराचा फोटो जोडला आणि रात्री गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिला. सकाळपर्यंत गाव दोन गटांत वाटलं गेलं होतं. खरं तर ते आधीपासूनच वाटलेलं होतं. गटार हे नुसतं कारण मिळालं.

पुढच्या ग्रामसभेला एवढी गर्दी झाली की माणसं पारावर चढून बसली. पोरगं उभं राहिलं, रक्कम वाचली. तेवढ्यात समोरच्या बाजूनं एक जण म्हणाला, "भाऊसाहेब, नमुना ९ काढा. ह्याच्या घरची घरपट्टी किती सालाची थकलीय, ते आधी वाचा." भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, वाचली. सभा हसली. मग दुसरं निघालं. पोरांनी टाकलेली रक्कम आराखड्यात धरलेली होती, खर्च झालेली नव्हती. प्रत्यक्षात निघालेलं बिल त्याहून बरंच कमी होतं. झालं, पोरं खोटारडी ठरली. अंदाजपत्रकात लिहिलेल्या मापापेक्षा लहान पाईप घातला होता, हे खरं होतं. पण ते ऐकायला त्या दिवशी कुणी थांबलं नाही. सरपंचबाई कोपऱ्यात गप्प बसून होत्या. त्यांच्या डिजिटल सहीचं डोंगल त्यांच्याकडं नसतं हे गावाला माहीत आहे, आणि त्यांनाही.

हिशोब खुला नव्हता म्हणून ती सभा बुडाली असं मला वाटत नाही. हिशोब खुलाच होता, दिल्लीच्या पोर्टलवर पडलेला. पोरांनी तो उचलला पैसे गेल्यावर, आणि नुसता आकडा उचलला. कामाला हात लावायची वेळ तोवर निघून गेली होती.

म्हणून ज्यांना आपल्या गावात हे करायचंय त्यांना आधी पैशाचा रस्ता सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी आपल्या राज्यात ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, असा वाटला गेला. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. म्हणून गावोगाव एवढी गटारं आणि पाइपलाइनी दिसतात. निधी कुठलाही असो, कामाचा क्रम साधारण असाच असतो. २ ऑक्टोबरच्या पुढं थंडीच्या दिवसांत पुढच्या वर्षाचा आराखडा ठरतो. मग अभियंता कामाचं अंदाजपत्रक करतो, मान्यता मिळते, काम होतं, त्याचं मोजमाप एम.बी.त, म्हणजे मोजमाप वहीत, चढतं, आणि शेवटी सरपंच व ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सह्यांनी पैसे थेट पुरवठादाराच्या खात्यावर जातात. (ग्रामसेवकाचं पद २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण गावात भाऊसाहेब ते भाऊसाहेबच.) आपण गावकरी जागे होतो ते शेवटच्या टप्प्यानंतर. त्याआधीच्या प्रत्येक टप्प्यावर विचारता येतं, आणि तिथं विचारलं तर कुणाला चोर म्हणावं लागत नाही. हा फायदा फार मोठा आहे. 'पैसे कुठं गेले' म्हटलं की भांडण होतं. 'पाईप किती इंची घालणार आहात' म्हटलं की उत्तर द्यावं लागतं.

ही अक्कल आम्हाला बचत गटातल्या बायकांकडून मिळाली. पोरांची सभा बुडाल्यावर बरेच दिवस कुणी विषय काढला नाही. मग एका गटाच्या अध्यक्षा असलेल्या मावशी म्हणाल्या, "आमच्या गटात दर बैठकीला वही वाचल्याबिगर उठत न्हाई कुणी. पंचायतीची वही काय सोन्याची हाय का?" गटाच्या बायकांना रोकडवही कळते. आलेला पैसा, गेलेला पैसा, हातातली शिल्लक, आणि ते सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचणं, हे त्या वर्षानुवर्षं करत आल्यात. पदवीधर पोरांना जे जमलं नाही ते त्यांना सहज जमलं, कारण त्यांना कुणाला पाडायचं नव्हतं.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे कायद्यात आहे. बहुतेक गावांत ती कागदावरच होते. मावशींनी ती खरीखुरी भरवायला लावली आणि एकच ठराव मांडला: शाळेसमोर पेव्हर ब्लॉक बसवायचं काम निघालंय, त्याच्या अंदाजपत्रकाची प्रत काम सुरू व्हायच्या आधी शाळेच्या भिंतीवर लावावी. विरोध कोण करणार? ठराव पास झाला. प्रत लागली. लांबी, रुंदी, खाली खडी-मुरूम किती, ब्लॉकची जाडी किती, सगळं. पहिल्या दिवशी ठेकेदार भिंतीपुढं उभा राहून ते वाचत होता. दुसऱ्या दिवशी खडीची एक जास्तीची ट्रॉली आली. ब्लॉक बसल्यावर खाली काय आहे ते कुणाच्या बापाला दिसत नाही. मोजायचं ते त्याच्या आधी, टेप लावून, दोघा-चौघांनी मिळून. ठेकेदारालाही टेप धरायला लावावं. धरतो तो.

ठराव झाला एवढ्यावर खूश होऊ नका. आमच्याकडं सभेच्या रजिस्टरवर आधी सह्या घेतात आणि प्रोसिडिंग मागून, निवांत लिहितात. मावशींनी इतिवृत्त तिथल्या तिथं लिहून घेतलं, वाचायला लावलं, मगच बायकांनी अंगठे आणि सह्या केल्या. एकीनं पानाचा फोटो काढून ठेवला. पुढं ठरावातला 'काम सुरू होण्याआधी' हा शब्द गळाला असता, तर तो फोटोच कामी आला असता.

गणपूर्तीचंही लक्षात ठेवा. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ज्यांना चार टाळक्यांत कारभार उरकायचा असतो त्यांना ही सोय चांगली माहीत असते. दवंडी हळू दिली की अर्धं काम झालं. तेव्हा पहिल्या सभेला जा. ती तहकूब झाली तर पुढची तारीख तिथंच फळ्यावर लिहून घ्या, आणि त्या सभेला तर जाच.

आता हिशोबात पाहायचं काय? एका वेळी एक काम. सगळी रोकडवही, सगळ्या योजना, पाच वर्षांचा जमाखर्च, असलं मागायला जाऊ नका. महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखा संहिता २०११ नुसार ग्रामपंचायतीचे नमुने १ ते ३३ आहेत. माणूस त्यात हरवतो आणि समोरच्याला तेच हवं असतं. नमुना १ हे वर्षाचं अंदाजपत्रक. नमुना ५ ही रोकडवही. एवढे दोन ओळखता आले तरी खूप. पोर्टल पाहताना आराखड्याचं पान आणि खर्चाचं पान शेजारी ठेवून पाहा; आमच्या पोरांचं जे झालं ते टळेल. आणि कामाच्या जागेवर फलक कधी लागला ते पाहा. आमच्याकडं फलकाचा रंग ओला असतो तेव्हा काम संपलेलं असतं.

एक गोष्ट मात्र मी कुठल्याही गावाला पहिल्यांदा पाहायला सांगेन. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं वगैरेतले, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. अंदाजपत्रकात ते दरवर्षी नीट छापलेले असतात. खर्चाच्या बाजूला या ओळी शोधा. पाच टक्के ही लहान गावात फार मोठी रक्कम नसते, पण कुणाला तीनचाकी, कुणाला औषधाचा खर्च एवढं त्यातून होतं. हा प्रश्न विचारणाऱ्यावर कुठल्या गटाचा शिक्का बसत नाही. दोन्ही गटांच्या घरांत अपंग माणूस असतो.

मात्र उत्पन्नाचा हिशोब विचारायचा तर आपली पट्टी भरलेली पाहिजे. कायद्यानं माहिती मागायला पट्टीची अट नाही. पण सभेत हशा कायद्यानं होत नाही. पावती खिशात ठेवूनच उठा.

विचारून मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. आपल्या राज्याचा कायदा केंद्राच्या आधीचा. अण्णा हजारेंच्या २००३ च्या उपोषणानंतर तो लागू झाला, केंद्राचा आला २००५ साली. अर्जाला दहा रुपये, झेरॉक्सला पानामागं दोन रुपये. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, असा इथला नियम आहे. प्रती मागण्यापेक्षा अवलोकन मागा, म्हणजे जाऊन दप्तर पाहायचं आणि हवं तेवढंच पान मागायचं. पहिला तास फुकट असतो. शिवाय नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ दप्तर पाहायला खुलं ठेवायचं आहे. परिपत्रकाची प्रत सोबत न्या. ते ऐकूनही नसलेला माणूस टेबलापलीकडं भेटू शकतो.

एकट्यानं मात्र जाऊ नका. तळेगावचे सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार उघडे करत होते. जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. ग्रामपंचायतीच्या गटारावरून एवढं होत नाही म्हणाल, तर बांधावरून काय काय होतं ते आठवा. अर्ज वेगवेगळ्या घरांतून, दोन्ही गटांच्या सह्यांनी गेले तर कुणा एकाच्या दारात कुणी येत नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं हेच केलं होतं. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराणाला त्यांची पहिली जनसुनावणी झाली. अशा सुनावण्यांत सरकारी कामांच्या हजेरीपटावरची नावं गावापुढं मोठ्यानं वाचली जायची, आणि ज्यांची नावं होती ती माणसंच उठून सांगायची की आम्ही त्या कामावर गेलोच नव्हतो. काही नावं तर मेलेल्यांची निघाली. बोट दाखवणारा एक जण नसायचा, ऐकणारं सगळं गाव असायचं. त्या संघटनेच्या अरुणा रॉय यांचं नाव आपण ऐकतो. ते हजेरीपट ज्यांच्यामुळं खोटे ठरले त्या मजुरांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही की पुढच्या तीस दिवसांत पंचायत समितीत पहिलं अपील करा. तिथंही नाही जमलं तर नव्वद दिवसांत दुसरं अपील, ते आपल्याकडं राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडं जातं. तिथं तारीख लागायला वेळ जातो, फार जातो. आमचं त्या गटाराचं अपील अजून तिकडंच आहे. त्याची पोच जपून ठेवलीय, पण त्याच्या वाटेकडं डोळे लावून कुणी बसलेलं नाही. वस्तीवर नवी पाइपलाइन मंजूर झालीय, आणि तिचं अंदाजपत्रक खोदाईच्या आधी भिंतीवर लागावं म्हणून मावशी या सोमवारी तीन वाजता पंचायतीत जाणार आहेत.