कबड्डीची चढाई

सुगी आटोपली, खळी उठली, म्हणजे खानदेशातील गावोगावच्या मोकळ्या जागा मुलांच्या ताब्यात येतात. जळगावकडील काळी माती असो की धुळ्याकडील मुरमाड माळ असो, काठीच्या टोकाने एक मधली रेघ ओढली की खेळ सुरू होतो. त्याला ना चेंडू लागतो, ना फळी. लागतो तो केवळ छातीतला दम. महाराष्ट्रात हा खेळ पूर्वी हुतूतू या नावाने ओळखला जाई. बंगालमध्ये त्यास हाडुडु, तर तमिळनाडूत सडुगुडु म्हणत. घोषाचे शब्द निरनिराळे. परंतु एका दमात प्रतिपक्षाच्या अंगणात शिरावे, गडी बाद करावा आणि दम सुटण्यापूर्वी मध्यरेषा गाठावी, ही रीत सर्वत्र एकच होती.

या खेळाला नियमांच्या चौकटीत बसविण्याच्या कामी महाराष्ट्राने पुढाकार घेतला. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. त्यांत कबड्डीही होती. पुढे १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. ज्यांना सारे खेळाडू आदराने 'बुवा' म्हणत, त्या शंकरराव साळवी यांनी तर या खेळाच्या प्रसारासाठी आपले आयुष्य वेचले. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डी केवळ प्रदर्शनापुरती खेळली गेली. पदकाचा मान मिळण्यास आणखी आठ वर्षे लागली.

१९९० साली बीजिंग येथे भारतीय पुरुष संघ प्रथमच आशियाई पदकासाठी मैदानात उतरला आणि सुवर्णपदक घेऊन परतला. त्या स्पर्धेत भारताने अनेक खेळांत भाग घेतला होता. परंतु देशाला सुवर्णपदक मिळाले ते हे एकच. ज्या खेळाकडे पाहून शहरांतील पुष्कळ लोक नाके मुरडीत असत, त्यानेच त्या वर्षी देशाची लाज राखली!

पुढील हकीगत थोडक्यात सांगता येते, कारण ती एकसारखीच आहे. हिरोशिमा, बँकॉक, बुसान, दोहा, ग्वांगचौ आणि इंचॉन. म्हणजे १९९४ पासून २०१४ पर्यंत प्रत्येक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक भारताचेच. २००४ साली मुंबईस आणि २००७ साली पनवेल येथे झालेले विश्वचषकही भारतानेच जिंकले.

मात्र विजेत्याचे नाव वाचून थांबू नये. दुसऱ्या क्रमांकावर कोण आहे तेही पाहावे. आशियाई स्पर्धांत आरंभी तेथे कधी बांगलादेश, कधी पाकिस्तान दिसतो. २०१० पासून तेथे इराण येऊन बसला. इराणात कुस्तीची परंपरा जुनी आहे. गड्याचा पाय कसा धरावा, धरल्यावर कसा सोडू नये, हे त्यांना निराळे शिकवावे लागले नाही. उरलेले डावपेच त्यांनी भारतीय प्रशिक्षकांकडून मन लावून आत्मसात केले. २०१४ च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला इराणच पुढे होता. भारत शेवटी २७–२५ असा, अवघ्या दोन गुणांनी तरला. त्याच वर्षी भारतात प्रो कबड्डी स्पर्धा सुरू झाली. दक्षिण कोरियाचा जांग कुन ली, इराणचा फझल अत्राचली असे परदेशी खेळाडू भारतीय संघांतून खेळू लागले आणि आपल्या खेळाडूंच्या सवयी, खोडी, सारे काही जवळून पाहू लागले.

याचे फळ लवकरच दिसले. २०१६ च्या अहमदाबाद येथील विश्वचषकात पहिल्याच सामन्यात कोरियाने भारताला ३४–३२ असे हरविले. भारताने अंतिम सामन्यात इराणवर ३८–२९ अशी मात करून चषक राखला खरा, पण इशारा मिळून चुकला होता. दोन वर्षांनी जकार्ता येथे कोरियाने पुन्हा एका गुणाने विजय मिळविला, आणि उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७–१८ असे नमविले. अठ्ठावीस वर्षे ज्या सुवर्णपदकावर दुसऱ्याचे नाव लागले नव्हते, ते इराणकडे गेले. भारतीय महिला संघही अंतिम सामन्यात इराणकडूनच हरला. आणि त्या इराणी मुलींना तयार करणाऱ्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. विद्या आपल्याच घरची होती!

गेलेले पदक परत मिळविण्यास पाच वर्षे थांबावे लागले, कारण महामारीमुळे २०२२ ची स्पर्धा एक वर्ष पुढे गेली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौ येथे भारत व इराण अंतिम सामन्यासाठी समोरासमोर आले. संघनायक होता पवन सेहरावत. महाराष्ट्रातील दोन तरुणही संघात होते: नगरकडील अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे.

सामना संपण्यास सुमारे एक मिनिट उरले असता दोन्ही संघांचे गुण २८–२८ असे समान होते. पवन चढाईस गेला आणि एकाही गड्याला स्पर्श होण्यापूर्वीच त्याचा पाय कडेच्या राखीव क्षेत्रात पडला. त्याच्या मागोमाग इराणचे गडीही त्या पट्ट्यात शिरले. जुन्या नियमाप्रमाणे असे सारेच गडी बाद ठरतात. नव्या नियमाप्रमाणे केवळ चढाई करणारा. पंचांनी एकदा एक निर्णय दिला, मग तो फिरविला. दोन्हीकडचे खेळाडू मैदानातच ठिय्या देऊन बसले आणि जवळजवळ एक तास खेळ बंद राहिला. कोणता नियम लागू आहे, हे आधीच सर्वांना नीट सांगितले असते तर तो तास वाया गेला नसता. अखेर जुना नियम मान्य झाला, भारताच्या बाजूने गुण पडले आणि उरलेला मिनिटभराचा खेळ पार पडला. भारत ३३, इराण २९.