माप एकच ठेव

“तुमच्या बायबलात झिंगे खायला मनाई, अन् शलमोनाला सातशे बायका. मग पोरीनं कुणाबरोबर कसं राहावं हे सांगणारं ते पुस्तक कोण?” नांदेडहून येताना डब्यात मैत्रिणीनं असं विचारलं आणि चुडावा स्टेशन येईपर्यंत तुला एक शब्द सुचला नाही म्हणालीस. अगं, त्यात रडण्यासारखं काय आहे? प्रश्न रास्त आहेत, अन् त्यांना उत्तरंही आहेत. फक्त ती पाठ करून समोरच्याच्या तोंडावर फेकायची नसतात. आधी आपल्याला पटावी लागतात.

पंडिता रमाबाईंचंच बघ. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या ज्या सिस्टरांनी आसरा दिला, त्यांच्याशीच पुढं पत्रांतून त्यांचा वाद चालला. धर्मगुरू सांगतात म्हणून मानायचं, हे त्यांना कबूल नव्हतं. स्वतः वाचीन, पटलं तर मानीन, असा त्यांचा बाणा. आणि मन कशानं वळलं ठाऊक आहे? फुलहॅमला सिस्टरांचं एक घर होतं, समाजानं ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकून दिलेल्या बायांसाठी. तिथं त्या बायांना किती मायेनं वागवतात ते रमाबाईंनी पाहिलं आणि असं का करता म्हणून विचारलं. तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट ऐकवली गेली. पाच नवरे झालेली, आता लग्नावाचून एकाबरोबर राहणारी ती बाई, अन् येशू विहिरीपाशी बसून तिच्याशी बोलतो. तिचं आयुष्य झाकतही नाही आणि तिला हाकलतही नाही. पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी अशाच बायांसाठी कृपासदन काढलं. हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत उतरवलं, आणि ते काम पुरं होताच १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. त्या पुस्तकाचा अधिकार त्यांनी आधी असा डोळ्यांनी पाहिला होता.

आता झिंग्यांचं. लेवीयाच्या अकराव्या अध्यायात पाण्यातलं पंख अन् खवले नसलेलं खाऊ नका असं आहे, खरं आहे. पण प्रेषितांची कृत्ये, अध्याय पंधरा काढ. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, मोशेचं सगळं नियमशास्त्र पाळावं का, यावर यरुशलेमेत बैठक बसली. तसलं ओझं लादायचं नाही असं ठरलं, तसं पत्र धाडलं, पण त्यात चार गोष्टी टाळायला सांगितल्या: मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि जारकर्म. म्हणजे ज्या पत्रानं ताट मोकळं केलं, त्याच पत्रानं शरीराची मर्यादा तशीच ठेवली.

एवढं सांगितलं की जिंकले असं समजू नकोस. चलाख मैत्रीण लगेच म्हणेल, “मग तुमच्या घरी रक्ताची रक्ती कशी काय शिजते गं?” तेव्हा चिडू नकोस, करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय काढ. अन्न पोटासाठी आहे, पण शरीर जारकर्मासाठी नाही, ते प्रभूसाठी आहे, असं पौल तिथं दोन्ही वेगळं करून सांगतो. ही फारकत आपण सोयीसाठी केलेली नाही, पौलापासूनची आहे. मात्र रक्त खावं की नाही यावर सगळ्या मंडळ्यांचं आजही एकमत नाही. तेही सांगून टाक. कबूल करणाऱ्याचं पुढचं बोलणं लोक ऐकतात.

सातशे बायकांचंही तसंच. बायबलात जे घडलं ते लिहिलंय, पण लिहिलं म्हणजे चांगलं म्हटलं असं नव्हे. शलमोनाचं मन त्या बायकांनीच देवापासून फिरवलं, हे सातशे बायका सांगणाऱ्याच अध्यायात आहे. दाविदानं बथशेबेला बोलावून घेतलं, तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं, तर नाथान संदेष्ट्यानं राजाला तोंडावर दोषी ठरवलं. हां, दोन बायका असलेल्या माणसानं वाटणी कशी करावी याचा नियमही अनुवाद या पुस्तकात आहे, तो लपवू नकोस. अशा नियमांसाठी येशूचं बोलणं मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात बघ. सूटपत्राची परवानगी मोशेनं तुमच्या कठोर मनांमुळं दिली, आरंभापासून असं नव्हतं, असं तो परुश्यांना सांगतो. म्हणजे सूट कुठली अन् देवाची मूळ इच्छा कुठली, हा निवाडा खुद्द येशूनं केलाय. आपण तिथून धडा घ्यायचा.

आणि आता खरं सांगू? लोक बायबलावर जितके चिडतात, त्याहून जास्त आपल्या दोन मापांवर चिडतात. योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात धरलेली बाई आणली जाते. (ही गोष्ट जुन्यातल्या जुन्या हस्तलिखितांत नाही, कुणी म्हटलं तर हो म्हण.) लेवीयात शिक्षा दोघांना सांगितली आहे. मग तो बाप्या कुठं गेला? आपल्याकडंही बोभाटा पोरीचाच होतो, पोरगा दुसऱ्या दिवशी चौकात गाडी उडवत फिरतो. कायद्यातसुद्धा हेच होतं. १८६९ च्या ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा पुरायचा, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा सोडून जाणं असं काहीतरी सिद्ध करावं लागायचं. हे २००१ मध्ये बदललं. येशूनं तर वाईट नजरेचा दोष सरळ पुरुषाच्या डोळ्यावर ठेवला होता. मंडळीतल्या कुणी फक्त पोरींना पावित्र्य शिकवलं, तर त्याला मत्तयाचा पाचवा अध्याय दाखव.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातली तामारही विसरू नकोस. सावत्र भावानं बळजबरी केली, आणि सख्खा भाऊ तिला म्हणाला, गप्प राहा. बायबलानं तिला गप्प ठेवलं नाही, तिचं रडणं लिहून ठेवलं. ‘क्षमा कर’ किंवा ‘घराची अब्रू’ म्हणत कुणी तुला किंवा तुझ्या मैत्रिणीला असं गप्प करू पाहील, तर ऐकू नकोस. मला सांग, पोलिसांत जाऊ. तक्रार केल्यानं वचन मोडत नाही.

समलिंगी माणसांबद्दल विचारतील. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सज्ञान माणसांचे संमतीनं असलेले संबंध गुन्ह्यातून काढले. लग्न कशाला म्हणायचं यावर बहुतेक मंडळ्यांची शिकवण जुनीच आहे, आणि ती तुला पटत असेल तर तसं सांगायला लाजू नकोस. काही ख्रिस्ती विद्वान समलिंगी संबंधांवरच्या वचनांचा अर्थ वेगळा लावतात, हेही सांग. पण रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचलास की तिथंच थांबू नकोस. तिथल्या पापांच्या यादीत हेवा, चहाडी, आईबापांची अवज्ञाही आहे, आणि दुसरा अध्याय उघडताच पौल न्याय करणाऱ्यालाच धरतो. कुणाची टिंगल करायचा परवाना तिथं सापडत नाही.

शेवटचं एक. आपल्या गावात हिंदू, बौद्ध, मुसलमान, सगळ्यांचे उंबरे लागून आहेत. बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नाही, असं पौलानं करिंथकरांना लिहिलं. हे पुस्तक तू मानतेस, मैत्रीण मानत नाही. तिच्यावर त्याचा हुकूम चालवायला जाऊ नकोस. ती विचारील तेव्हा तू कसं जगतेस अन् का, तेवढं सांग.

म्हणून या आठवड्यात एक कर. करिंथकरांस पहिल्या पत्राचे पाच, सहा आणि सात हे तीन अध्याय सलग वाच. सातव्यात नवऱ्याच्या शरीरावर बायकोचाही हक्क सांगितलाय, तो नीट बघ. अडलं तर फोन कर. आणि जे माप दुसऱ्याला लावशील, ते आधी स्वतःला लाव.