बॅटरी बदलण्याआधी

सकाळी चावी फिरवल्यावर गाडीनं नुसतं टकटक केलं, की तू तडक बॅटरीच्या दुकानात जाणार, हे मला माहीत आहे. नवीन बॅटरीवर आठ दिवस गाडी पळेल, आणि दोष अल्टरनेटरचा असेल तर नवव्या दिवशी तीही बसेल. म्हणून सांगतो पोरा, आधी मीटर लाव, पाकीट नंतर काढ. साधा डिजिटल मल्टिमीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो.

पहिलं माप रात्रभर उभ्या गाडीचं. नुकत्याच फिरून आलेल्या गाडीची बॅटरी थापा मारते. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली जवळपास रिकामी. पण रिकामी म्हणजे बाद नव्हे! चार्ज करून घे, मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि आकड्यावर नजर ठेव. भरलेली असूनही साडेनऊच्या खाली कोसळली, तर बॅटरी संपली समज.

याच वेळी मीटरची टोकं आधी शिशाच्या खुंटीवर आणि मग तिच्याभोवतीच्या क्लॅम्पवर टेकवून बघ. सेल्फ मारताना दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत, तर करंट मधल्या थरात अडतोय. क्लॅम्प काढ, पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धू, खुंटी पॉलिशपेपरनं चकचकीत कर आणि घट्ट आवळ. अर्थिंगची वायर इंजिनला जिथं बसते, तिथंही हात घाल. तिकडं सहसा कुणी बघतच नाही.

आता गाडी चालू कर. मीटरवर १३.८ ते १४.५ हवेत, हेडलाइट आणि एसी लावल्यावरही तेराच्या चांगलं वर. आकडा बारावर घुटमळून खाली सरकत असेल, तर चार्जिंग होत नाही. लगेच अल्टरनेटर उतरवू नकोस, आधी पट्टा बघ: सैल झालाय का, गुळगुळीत झालाय का. नंतर अल्टरनेटरमधले कार्बन ब्रश. कार्बन झिजले असतील तर तेवढेच बदलून मिळतात. अख्खा अल्टरनेटर बदला म्हणणाऱ्याला जुना उघडून दाखवायला सांग. आकडा पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी उकळून मरेल. नवीन गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम व्होल्टेज कमी-जास्त करतो, तिथं एका मापावर निकाल देऊ नये.

एक जुनी खोड मात्र तुझ्यासमोर कुणाला करू देऊ नकोस. गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि इंजिन बंद पडतं का बघायचं. डायनॅमोच्या काळात ते खपून गेलं. आज व्होल्टेज उसळून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडेल.

दोन्ही मापं ठीक असून बॅटरी रात्रीत उतरते? मग काहीतरी चोरून खातंय, बहुतेक वेळा बाहेरून बसवलेला स्टिरिओ किंवा डॅशकॅम. गाडी लॉक करून अर्धा तास थांब आणि निगेटिव्ह वायरीच्या मध्ये मीटर दहा अँपिअरवर लाव. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्यानं आकडा पडेल ती लाइन धर. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नकोस, मीटरचा फ्यूज जाईल. आणि बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढ, बसवताना शेवटी लाव, नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडालीच.