पदाआधी पाहावे चार कागद
(आखाती देशांतील वरिष्ठ नोकरीचा शोध : एक अभ्यास)



हातखंबा तिठ्यावरून एक रस्ता मुंबईला, एक गोव्याला आणि एक रत्नागिरीला जातो. आपल्या वाडवडिलांनी यातला मुंबईचा रस्ता धरला आणि गिरणी, गोदी, रेल्वे अशा ठिकाणी घाम गाळून मुलांना शिकविले. आज ती शिकलेली पिढी अरबी समुद्रापलीकडच्या शेजाऱ्यांकडे, म्हणजे ओमान, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया या देशांकडे पाहते आहे. पूर्वी कोकणातून तिकडे गवंडी, सुतार, ड्रायव्हर जात. आता आपल्यातील पदवीधर लेखाधिकारी, अभियंता, व्यवस्थापक अशा वरच्या पदांसाठी अर्ज करीत आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे; म्हणूनच तिचा नीट अभ्यास व्हावयास हवा.

बडोद्याचा धडा

या बाबतीत पहिला पाठ परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातच आहे. ज्यांचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातील आंबडवे, ते बाबासाहेब १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेस गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असा करार होता. त्याप्रमाणे १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले. बडोदे हे त्या काळी वेगळे संस्थान, म्हणजे एका अर्थी शेजारचे राज्यच. लष्करी सचिवाचे मोठे पद मिळाले, पाठीशी स्वतः महाराजांचा हुकूम होता. परंतु राहावयास घर कोणी देईना. पारशी पथिकाश्रमात नाव लपवून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या विद्वानाला मुंबईची गाडी धरावी लागली.

दोष बाबासाहेबांचा नव्हता, जातीच्या विषाचा होता. परंतु आपण यातून एवढे शिकावे की, पद एक देतो आणि निवारा, मान व सुरक्षितता दुसऱ्याच्या हातात असते. म्हणून पदाबरोबर बाकीच्या गोष्टीही आधीच लेखी ठरवून घ्याव्यात.

चौकशी कोणी करावयाची?

येथे एक बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे दहावीपेक्षा कमी शिकलेल्या कामगाराला आखातासह ठरावीक अठरा देशांत जाण्यापूर्वी सरकारी परवानगी घ्यावी लागते. त्या निमित्ताने त्याचा करार तपासला जातो. दहावी उत्तीर्ण झालेल्याला ही अट नाही. म्हणजे पदवीधर माणूस मोकळेपणाने जाऊ शकतो, पण त्याचा करार कोणी तपासत नाही. जितके शिक्षण अधिक, तितकी चौकशीची जबाबदारी आपल्यावरच अधिक.

बँकेच्या काउंटरवर बसून आम्ही दागिने गहाण टाकून एजंटासाठी रक्कम काढणारे आईबाप पाहिले आहेत. पावती मागितली का, असे विचारले तर मान खाली जाते. म्हणून पुढील चार कागद हाती आल्याशिवाय घर सोडू नये.

१. एजंटाचा परवाना. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी आहे. नियमाप्रमाणे एजंटाला तीस हजार रुपये व त्यावरील कर यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि पावती देणे त्याला भाग आहे. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मालकाला मनाई केली आहे.

२. प्रमाणित पदवी. अमिरातीसाठी पदवीपत्रावर राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाची वकिलात असे शिक्के घ्यावे लागतात. ओमान हेग करारात असल्याने तेथे अपोस्टील शिक्का चालतो. यात वेळ जातो, म्हणून अर्ज करण्याआधीच सुरुवात करावी.

३. सही-शिक्क्याचा करार. त्यात पदाचे नाव, कामाचे स्वरूप, मूळ पगार, घर, वैद्यकीय विमा, रजा व परतीचे तिकीट हे सारे असावे. पर्यटनाच्या व्हिसावर जाऊन काम करणे हा तेथे गुन्हा आहे.

४. अनुभवाचे दाखले. वरिष्ठ पदासाठी नुसती पदवी पुरत नाही. हाताखाली किती माणसे होती, किती रकमेचा व्यवहार सांभाळला, हे बायोडाटात आकड्यांनिशी लिहावे. तिकडे आधीपासून काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाची शिफारस जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडते. ओमान व सौदी अरेबियात मनुष्यबळ विभागातील काही पदे तेथील नागरिकांसाठीच राखीव आहेत, हेही अर्जापूर्वी पाहावे.

पगाराचे गणित

समजा, अमिरातीत दोन ठिकाणी महिना १२,००० दिरहॅम देऊ केले. पहिल्या ठिकाणी मूळ पगार ६,००० आणि बाकीचे भत्ते. दुसऱ्या ठिकाणी मूळ पगार ९,०००. दोन्ही सारखेच, असे वाटते. पण तेथील कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी ग्रॅच्युइटी मिळते. पाच वर्षांनी पहिल्याच्या हाती २१,००० दिरहॅम पडतील, तर दुसऱ्याच्या हाती ३१,५००. म्हणून एकूण आकडा न पाहता मूळ पगार विचारावा. तसेच परदेशी गेल्यावर येथील बचत खाते साधे ठेवता येत नाही. ते अनिवासी (एनआरओ) करून घ्यावे. तिकडची कमाई एनआरई खात्यात पाठवावी, म्हणजे तिच्या व्याजावर येथे कर लागत नाही.

सम्यक आजीव

शेवटचा प्रश्न कोणत्याही कागदावर नसतो. तथागतांनी उपासकाला शस्त्रे, माणसे, मांस, मद्य आणि विष या पाच व्यापारांपासून दूर राहावयास सांगितले. वरिष्ठ पदावरील माणूस दुसऱ्यांच्या भाकरीचा निर्णय घेत असतो. उद्या आपल्याच सहीने एखाद्या मजुराचा पासपोर्ट अडकवून ठेवला गेला, तर तो माणसांचा व्यापारच ठरेल. बडोद्यात ज्याला निवारा नाकारला गेला, त्याचे आपण अनुयायी आहोत. आपल्या हाताखालच्या माणसाला निवारा, पगार आणि मान मिळतो की नाही, हे पाहणे हेच आपल्या पदाचे खरे मोल.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. पदवीधराच्या कराराची सरकारी तपासणी का होत नाही?
२. मूळ पगार ७,५०० दिरहॅम असल्यास पाच वर्षांची ग्रॅच्युइटी किती?
३. बडोद्याच्या प्रसंगातून नोकरी शोधणाऱ्याने काय शिकावे?

नमो बुद्धाय! जय भीम!