शिशुमालिकेची वाढ

मोठ्यांसाठी असलेल्या मालिकेचा प्रेक्षक मालिकेबरोबरच वयाने वाढत जातो. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील मुलांसाठी काढलेल्या कार्टून मालिकेला ही सोय नसते. तीन वर्षांचे मूल दोन-तीन वर्षांतच तिच्यातून बाहेर पडते आणि त्याची जागा दुसरे मूल घेते. म्हणून पात्राचे वय तेथेच थांबवावे लागते व नावीन्य इतरत्र शोधावे लागते. इंग्लंडमध्ये २००४ साली सुरू झालेल्या ‘पेप्पा पिग’मधील पेप्पा लहानच राहिली, परंतु २००७ पासून तिला आवाज देणारी हार्ली बर्ड मोठी झाली आणि २०२० मध्ये तो आवाज दुसऱ्या मुलीकडे सोपवावा लागला.

भारतातील उदाहरण याहून निराळे व अधिक बोधप्रद आहे. हैदराबाद येथील राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशन या संस्थेची ‘छोटा भीम’ ही मालिका २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. ढोलकपूरचा हा नऊ वर्षांचा, लाडूप्रिय नायक लोकप्रिय झाला. २०१२ साली तो चित्रपटगृहात पोहोचला आणि त्याची साहसे गावाची वेस ओलांडून दूरवर गेली. अर्थातच, अगदी लहान मुलांना या कथा झेपण्याजोग्या राहिल्या नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘मायटी लिटल भीम’ने यावर साधा तोडगा काढला: नायकालाच रांगते बाळ केले.

रांगत्या बाळाला बोलता येत नाही. त्यामुळे संवादच गेले, आणि खरा बदल येथेच झाला. जे सांगायचे ते हालचालीतून दिसले पाहिजे. घडलेल्या गोष्टीचे कारण चित्रातच सापडले पाहिजे. पुढे मालिका वाढली तीही कथानकाच्या गुंतागुंतीने नव्हे, तर पंचांगाच्या आधाराने. दिवाळी, होळी, पतंगोत्सव यांचे स्वतंत्र भाग निघाले.

शब्द नसण्याचा लाभ बंगळूरजवळील येलहंक्यासारख्या गावात सहज ध्यानी येतो. १९८४ पासून तेथे रेल्वेचा चाक-कारखाना आहे. केंद्र सरकारच्या अशा कारखान्यात निरनिराळ्या प्रांतांतील माणसे येतात. घरात मराठी बोलणारे मूल आणि शेजारचे कन्नड किंवा तेलुगू मूल यांना हे बाळ सारखेच कळते. भाषांतराची गरजच उरत नाही.

परंतु जी मालिका शब्द मागत नाही, ती शब्द देतही नाही. ‘लाडू’, ‘पडला’, ‘उचल’ हे शब्द शेजारी बसलेल्या आईने किंवा आजोबांनी उच्चारले, तरच ते मुलाच्या तोंडी येतील. मूल गप्प राहावे एवढ्याच हेतूने पडदा त्याच्यापुढे ठेवला, तर निःशब्द मालिकेइतकी निःशब्द गोष्ट दुसरी नाही. त्याच एप्रिल २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालील मुलांविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास, आणि तोही जितका कमी तितका चांगला, असे त्यांत म्हटले आहे. या मालिकेचा नायक ज्या रांगत्या वयाचा आहे, त्या वयाच्या मुलांसाठी मात्र पडदा नकोच, अशी शिफारस आहे.