सहाच्या पाढ्यातली टोपी

गोल विणायला घेतलंस, फार बरं वाटलं बघ. आणि तेही वहिनीच्या बाळंतविड्यासाठी! विकतचा आणता आला असता, पण स्वेटर-मोज्यांच्या त्या गठ्ठ्यात एक टोपी आत्याच्या हातची असू दे. मात्र ताईचं एक ऐक. पहिल्याच बैठकीत मॅजिक रिंगच्या मागे लागू नकोस. बोटाला दोरा गुंडाळायचा, त्यात टाके घालायचे, मग शेपूट ओढून भोक मिटवायचं, हे व्हिडिओत फार सोपं दिसतं. नवख्या हातात तो वेढा निसटत राहतो आणि विणायला सुरुवात होण्याआधीच मन उडतं. त्यापेक्षा दोन साखळ्या घाल आणि सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब विण. मुका खांब म्हणजे बहुतेक व्हिडिओंत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, तोच. मधे बारीकसं भोक राहील, राहू दे. रिंग दुसऱ्या टोपीला शीक.

लोकर फिकट रंगाची घे. मध्यम जाडीची, गुळगुळीत, आणि सुई ४ मि.मी.ची. काळी, गर्द निळी किंवा केसाळ लोकर दुकानात कितीही आवडली तरी ठेवून दे, कारण आत्ता तुला सुंदर लोकर नकोय, दिसणारा टाका हवाय. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. गोल विणकामात जे काही बिघडतं, त्यातलं बहुतेक टाका नीट न दिसल्यामुळे बिघडतं. व्हिडिओ थांबवून थांबवून हात चालवशील, पण स्वतःची वीण वाचता आली नाही तर व्हिडिओ संपला की तू अडणार.

मग वाचायचं काय? कड वरून बघ. प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर इंग्रजी व्ही दिसतो, आडवा पडलेला. एक व्ही म्हणजे एक टाका. सुई त्या व्हीच्या दोन्ही दोऱ्यांखालून घालायची. एकाच दोऱ्यातून घातलीस तर तिथे उंचवटा येतो आणि वीण सैल पडते. काही नमुन्यांत तसं मुद्दाम करतात, पण तुला अजून ते नको. पहिली फेरी झाली की हे व्ही बोटाने मोज. सहा भरले पाहिजेत.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. तिसरीत एक साधा, पुढच्यात दोन, असं करत अठरा. चौथीत दोन साधे आणि मग एकात दोन, म्हणजे चोवीस. पुढे तीस, छत्तीस. सहाचा पाढा आहे हा. तो सहाच का, हे समजून घे, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. एक फेरी घातली की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते. त्रिज्या जेवढी वाढेल त्याच्या दोन पाय पट, म्हणजे साधारण सव्वासहापट, परीघ वाढायलाच हवा. मुका खांब जवळजवळ जितका उंच तितकाच रुंद असतो, म्हणून दर फेरीला सहा टाके जास्त लागतात. पुरा खांब साधारण दुप्पट उंच, त्याला बारा लागतात. अर्धा खांब या दोघांच्या मधला, त्याची सुरुवात बहुधा आठाने करतात. शाळेत पाय शिकताना याचा उपयोग कुठे, असं तू विचारायचीस ना? इथे.

आणि म्हणूनच चूक झाली की वीण स्वतः सांगते. कडा वर उचलल्या, वाटी व्हायला लागली, म्हणजे टाके कमी पडले. कुठेतरी वाढ चुकली आहे, नाहीतर हात फार घट्ट आहे. मोजणी बरोबर असूनही थोडीशी वाटी होत असेल तर सुई एक नंबर मोठी घे, किंवा साताने सुरुवात करून दर फेरीला सात वाढव. कडेला झालर पडू लागली तर टाके जास्त झालेत.

या झालरीबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. गणितात अतिपरवलयी पृष्ठ नावाचा प्रकार आहे, जो जितका बाहेर जावा तितका जास्त दुमडत, लहरत जातो. त्याचे कागदी नमुने हाताळले की फाटायचे. कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या, मूळच्या लॅटव्हियाच्या दाइना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये तो क्रोशाने विणला. ठरावीक टाक्यांनंतर न चुकता एक वाढ, एवढंच सूत्र. विद्यार्थ्यांच्या हाती देता येईल असा टिकाऊ नमुना त्यातून मिळाला. तेव्हा तुझ्या कडेला झालर आली तर आधी नीट न्याहाळ, हात लावून बघ, आणि मग उसव.

हो, उसव. उसवायला जीव होत नाही, मला कळतं. पण क्रोशात सुईवर एकच टाका जिवंत असतो. दोन सुयांच्या विणकामात सुई निसटली की टाक्यांची अख्खी ओळ सुटते, तशी इथे भीती नाही. दोरा ओढ, जिथे मोजणी बरोबर होती तिथे थांब, सुई अडकव, पुढे चाल. तीन टाक्यांची चूक पुढच्या फेरीत सावरून घेऊ म्हणत पुढे गेलीस तर तिथे गाठाळ दिसेल आणि तुझी नजर कायम तिथेच जाईल.

फेरीची सुरुवात ओळखायला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा किंवा सेफ्टी पिन पहिल्या टाक्यात अडकव आणि दर फेरीला वर सरकव. टोपी एकाच रंगाची असेल तर फेरी जोडूच नकोस. सरळ पुढच्या टाक्यात शिरायचं, गोल गोल चढत जायचं. या पद्धतीत खुणेची रेघ हळूहळू एका बाजूला कलते. ती कलणारच, तुझं काही चुकलेलं नाही. पट्टे हवे असतील तर मात्र स्लिप स्टिचने फेरी बंद करून एक साखळी चढवावी लागते. तिथे नवख्यांना नेमकं फसायला होतं, कारण तो स्लिप स्टिचही टाक्यासारखाच दिसतो आणि त्यात नकळत एक मुका खांब विणला जातो. जोडायच्या आधी टाके मोजलेले असले की ही फसगत होत नाही. शिवाय वाढी दर फेरीला एकावर एक आल्या तर वर्तुळाला सहा कोपरे फुटतात. म्हणून एक फेरी वाढीने सुरू कर, पुढची साध्या टाक्यांच्या मधूनच.

नमुना वाचून विणणार असशील तर तो अमेरिकी की ब्रिटिश ते आधी बघ. अमेरिकी सिंगल म्हणजेच ब्रिटिश डबल. चुकीचं धरलंस तर टाका दुप्पट उंच होतो आणि आपला सगळा हिशेब कोलमडतो.

आता माप. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सें.मी. असतो. त्याला ३.१४ ने भाग, ११ सें.मी. येतात. तुझी सपाट चकती आरपार ११ सें.मी. झाली की वाढवणं थांबव आणि प्रत्येक टाक्यात एकच विणत राहा. कडा आपोआप खाली वळतील. इतका वेळ जी वाटी टाळत होतीस, तीच आता हवी आहे. मध्यापासून कडेपर्यंत १३-१४ सें.मी. भरले की पुरे. शेवटच्या टाक्यानंतर एक स्लिप स्टिच घाल, म्हणजे पायरी दिसणार नाही.

दोरा वीतभर ठेवून काप आणि जाड सुईने आतून ओव. एकदा एका दिशेने, मग उलट दिशेने, म्हणजे धुतल्यावर सुटत नाही. आत लोंबता दोरा राहू देऊ नकोस, बाळाची बोटं अडकतात. मणी, बटण, गोंडा यातलं काहीही लावू नकोस, आईने कितीही आग्रह केला तरी. आणि द्यायच्या आधी एकदा धुऊन वाळव. दोरा सुटायचाच असेल तर आपल्या घरी सुटू दे.