हिंदू एकत्र कुटुंबाची मिळकत घेताना : सही एकाची, हक्क अनेकांचा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आपले बरेच व्यापारी व कारागीर बांधव दुकानाचा गाळा, लाकडाची वखार किंवा वर्कशॉपसाठी जागा घेतात. विकणारा बहुधा ओळखीचा हिंदू शेजारी असतो. व्यवहार विश्वासाने होतो, विसार दिला जातो, आणि खरेदीखतानंतर काही वर्षांनी विकणाऱ्याच्या मुलाची किंवा मुलीची नोटीस येते. असे का होते, हे या लेखात आपण समजून घेऊ.

आपल्या शरीयतीप्रमाणे बाप हयात असेपर्यंत मिळकतीचा मालक तोच. वारसांचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर निर्माण होतो. आपण हाच हिशेब हिंदू विक्रेत्यालाही लावतो आणि तेथेच घोटाळा होतो. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासून असतो. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीलाही तोच हक्क आहे, लग्न झालेले असो वा नसो. त्या दिवशी बाप हयात असण्याचीही गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात ठरवले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्रीला या हक्काने बाध येत नाही.

मग कर्ता एकटा विकू शकतो काय? होय, पण कुटुंबाची कायदेशीर गरज किंवा मिळकतीचे हित असेल तरच. मुलीचे लग्न, आजारपण, वडिलांचे जुने कर्ज, सरकारी देणे ही गरज होय. ती होती, किंवा आपण प्रामाणिकपणे चौकशी केली होती, हे सिद्ध करण्याचा बोजा खरेदीदारावर असतो. हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १८५६ मध्येच हनुमानप्रसाद पांडे खटल्यात सांगितले. पैसे पुढे कसे खर्च झाले, हे पाहण्याची जबाबदारी मात्र आपली नाही.

उदाहरण घ्या. शहापूरच्या बाजारात पणजोबापासून न वाटलेला एक गाळा आहे. कुटुंबात विधुर बाप, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी. म्हणजे प्रत्येकी चौथा हिस्सा. धाकट्या मुलाने एकट्याने गाळा विकला, तर महाराष्ट्रात त्याचा स्वतःचा हिस्सा मोबदल्यासाठी विकला जातो. परंतु आपल्याला गाळ्याचा ठराविक कोपरा मिळत नाही. मिळतो तो वाटपाचा दावा लावण्याचा हक्क. पैसे पूर्ण गाळ्याचे आणि हक्क चार आण्यांचा! बापाने गरजेशिवाय विकला तरी मुलांचे हिस्से बांधले जात नाहीत, आणि ताबा घेतल्यापासून १२ वर्षांपर्यंत मुलगा दावा करू शकतो.

प्रत्येक हिंदूची मिळकत एकत्रच असते, असे मात्र नाही. स्वकष्टार्जित मिळकत मालक मर्जीने विकू शकतो. १९५६ नंतर बापाच्या स्वतंत्र मिळकतीतून वारसाने आलेला हिस्साही सहसा स्वतंत्र धरला जातो. म्हणून मिळकत कोठून आली, हा पहिला प्रश्न.

व्यवहारापूर्वी एवढे जरूर करावे :

१) सातबारा किंवा मिळकत पत्रिकेबरोबर जुने फेरफार काढावेत. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर ते एकत्र कुटुंबाचा मॅनेजर या अर्थी आहे, सावध व्हावे. नुसत्या सातबाऱ्यावरील नावाने मालकी सिद्ध होत नाही.

२) वाटप झाले म्हणत असतील तर त्याचा कागद पाहावा.

३) सर्व सज्ञान मुलगे व मुली यांच्या सह्या ‘लिहून देणार’ किंवा ‘संमती देणार’ म्हणून घ्याव्यात. बहिणीने हक्क सोडला असल्यास हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवे.

४) अज्ञान मुले असतील तर विक्रीची गरज खरेदीखतात स्पष्ट लिहावी आणि तिचे पुरावे, जसे दवाखान्याची बिले किंवा कर्जाचे कागद, आपल्याजवळ ठेवावेत.

५) शेतजमीन असेल तर कुळकायद्याचे कलम ६३ पाहावे, शेतकरी नसलेल्याला ती साधारणपणे परवानगीशिवाय घेता येत नाही. आपल्या भागात आदिवासींच्या जमिनी पुष्कळ आहेत. त्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६अ प्रमाणे मंजुरीविना बिगर आदिवासीने घेऊ नयेत.

बहिणीच्या सहीसाठी एखाद्या गावी खेप मारावी लागली तरी ती मारावी. दिवाणी कोर्टातल्या तारखांपेक्षा ती खेप नेहमीच स्वस्त पडते. विसार देण्यापूर्वीच वकिलाला कागद दाखवावेत. विसार दिल्यावर सल्ला घेणे म्हणजे माल उतरवून घेतल्यावर वजन करणे होय.